अकरा शेअर

आमच्या घरात एक बँक होती.
म्हणजे तिचे अकरा शेअर,
सुपारीच्या डब्याखाली, मेणकापडात.
एका व्यापाऱ्यानं बुडीत दलालीपोटी
आण्णांच्या हातात कोंबलेले:
"ठेव तवनाप्पा, मुंबईची बँक हाय."

आण्णा निपाणीत तंबाखूच्या वखारीत
काट्यावर असायचे.
वर्षातून एकदा लिफाफा यायचा,
लाभांश रुपये बावीस,
आणि गुळगुळीत कागदाचा अहवाल.
त्यातल्या संचालकांना आईनं नावं ठेवली होती:
हा दात दुखणारा, हा सासुरवाडीला आलेला.
अहवाल मग माझ्या वहीचं कव्हर व्हायचा.

काम नसतानाही आण्णा बँकेत जायचे,
बाकावर बसायचे, वर पंख्याकडे बघायचे.
मला एकदाच म्हणाले, तेही कानात:
"त्या पात्यातला नखाएवढा तुकडा आपला."
मी तो शोधत बसले.
पंखा काही थांबेना.

जुलैतला शनिवार. रेडिओ खानावळीतला,
ऐकायचो आम्ही घरातून.
बँका सरकारच्या झाल्या.
खानावळीत टाळ्या पडल्या, कुणी ताट वाजवलं.
आण्णांचा घास थांबला नाही,
फक्त आमटी परत मागितली नाही.

हात धुताना म्हणाले,
"छप्पन सालीबी असंच.
मुंबई राज्यात निजलो, म्हैसुरात उठलो.
उंबरा तिथंच, चिंच तिथंच.
तवा आपण कुणाचे, ते बदललं.
आता आपलं काय, ते."
आई म्हणाली, "पैसे बुडले काय?"
ते म्हणाले, "बुडलं म्हनत न्हाईत त्याला,"
पण काय म्हणतात ते सांगितलं नाही.

पुढं काही दिवसांनी बँकेत गेलो तर
बाकावर बायका.
वखारीतल्या. केसांत तंबाखूची भुकटी,
शिंकत, पदर सावरत,
पाच-पाच रुपये मुठीत.
हौसाक्का उठली, फॉर्म पुढं केला:
"काटेवाले, एवढं लिवा की.
बँक आमची झाली म्हनत्यात."

मला ठाऊक होतं, तिलाही असणार,
मालकाच्या सांगण्यावरून
त्या काट्याला रोज पावशेराची भूक असायची.
आण्णांनी खिशातून पेन काढलं.
व्यवसायाच्या रकान्यापाशी अडले.
"काय लिवू?"
"लिवा की, तुमाला म्हाईत हाय."
त्यांनी काहीतरी इंग्रजीत लिहिलं, मोठ्या अक्षरात,
आणि तिचा अंगठा धरून शाईत बुडवला.
सतरा फॉर्म भरले त्या दिवशी.
वखारीत उशिरा पोचले,
बोलणी खाल्ली.

पत्र आलं बऱ्याच काळानं.
त्यावर जुनाच पत्ता: जिल्हा बेळगाव, मुंबई राज्य.
पोस्टातल्या कुणीतरी राज्य खोडून
वर कन्नडमध्ये चार अक्षरं लिहिलेली.
आत इंग्रजी. डॉक्टरांच्या कंपाउंडरनं वाचून सांगितलं:
बँक गेली, कंपनी आहे.
भरपाई कंपनीला मिळाली.
पैसे घेता, का भागीदार राहता?

"पान गेलं, शीर राहिली," आण्णा म्हणाले.
थोड्या वेळानं: "शिरंलाबी गिऱ्हाईक असतंय."
आणि राहिले.
लाभांश नऊ रुपये आला, मग सात.
कंपनी काय करते ते
आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.
अहवालाचा कागद मात्र खरखरीत झाला,
वहीला बसेना.

ते बँकेत जात राहिले.
आता बाकावर जागा नसायची,
काट्याजवळ उभे राहतात तसे
भिंतीला धरून उभे असायचे.
कुणी फॉर्म पुढं केला की भरायचे.
वर बघायचे नाहीत.
वखारीतली पारडी त्या सालापासून
सरळ झाली का,
हे मी विचारायला हवं होतं.
हौसाक्काला तरी.