तीन पाणी

रविवारी रात्री लादी पुसतेय मी,
आठवड्यात तिसऱ्यांदा.
ऑफर लेटरबरोबर फियोनानं बाटल्या दिल्या होत्या :
लिंबू, मोगरा, आणि हिरवी एक, ‘वनराई’ नावाची.
म्हणाली, सोमवारी येण्याआधी
प्रॉडक्टसोबत राहून बघ थोडं.
घोडपदेवच्या दहा बाय बारात
सोबत राहण्यावाचून
दुसरं काही करताच येत नाही.

निळा कुर्ता खिडकीच्या गजाला टांगलाय,
काखेत उसवला होता, आईनं आतून टीप घातली.
बूट दोन दिवस घरातच घालून फिरले,
कॉटपासून मोरीपर्यंत, मोरीपासून कॉटपर्यंत,
तरी डाव्या टाचेला फोड आलाच.
बँडेड पर्समध्ये. सुट्टे पैसे. आधारची झेरॉक्स, दोन प्रती.
आणि एक रद्द केलेला चेक मागितलाय,
चेकबुकातला पहिलाच,
त्यावर मीच तिरकी रेघ ओढायची.

आरशासमोर म्हणून पाहिलं :
हाय, मी हेमांगी, ब्रँड टीममध्ये नवीन.
‘नवीन’ म्हणताना आवाज वर जातो,
कंडक्टरला सुट्टे नाहीत सांगताना जातो तसा.
पुन्हा म्हटलं.
भिंतीपलीकडून वायंगणकरकाकू :
ऐकलं गो, झोप आता.

जुन्या वहीत शब्द काढून ठेवलेत.
चकाकी. ताजेपणा. आईच्या मायेचा हात.
शेवटचा खोडला.
आई बघत होती.

फोर्टातल्या बँकेत बावीस वर्षं
मॅनेजर यायच्या आत तिनं लादी पुसली.
गुडघ्यांवर अजून दोन काळे घट्टे आहेत, रुपयाएवढे.
शाळेच्या फॉर्मवर मी लिहायचे, आई बँकेत असते.
खोटं नव्हतं ते.
इंटरव्ह्यूतही तेच म्हणाले.
साहेब म्हणाला, अरे वा, बँकिंग फॅमिली!
मी हसले.
हे तिला सांगितलेलं नाही.

आत्ता ती कॉटवरून उतरली,
काही न बोलता उकिडवी बसली,
ओल्या लादीवरून मधलं बोट ओढलं,
अंगठ्यावर घासलं,
भाताचं शीत दाबून बघते तसं.
वास बरा आहे, म्हणाली.
पण फेस फार. चिकट राहतं.
ह्याला तीन पाणी लागतात.
आणि जरा थांबून,
आपल्याकडे नळ चाळीस मिनिटं येतो,
ठाऊक आहे का तुझ्या साहेबाला?

मला वाटलं, फडकं ओढून घेईल हातातून.
नाही घेतलं.
पिळताना मनगट वळव, म्हणाली, खांदा नको,
उद्या भरून येईल.

दुसरं पाणी.
तिसरं पाणी.
मोरीत ओतलं तेव्हा हिरवा फेस
जाळीवर बसूनच राहिला बराच वेळ,
भाडं थकलेल्या माणसासारखा.

साडेअकरा वाजले.
पावणेसहाचा गजर पाण्याचा,
सहा पन्नासचा माझा.
सायनला बस बदलायची, मग बीकेसी.
दीड तास धरलाय. पावणेदोन धरावेत का?

कंपनीची डायरी उघडली,
कोपऱ्यात लोगो, पहिलं पान दुसऱ्याला चिकटलेलं.
लिहिलं : तीन पाणी लागतात.
असं कुणी काही म्हणालं की
खाली नाव, वय, व्यवसाय टाकायचा असतो,
ट्रेनिंगच्या व्हिडिओत दाखवलंय.
लिहिलं : रत्नमाला, सत्तावन्न,
आणि त्या स्वल्पविरामापाशी
पेन तसंच धरून बसले.

आईनं दिवा घालवला.
अंधारातून विचारलं, डब्याला घावन की पोळी?
पोळी, म्हटलं. सगळ्यांसमोर घावन कुठे तोडत बसू.
बरं, म्हणाली.
तिची चटई गुंडाळलेलीच आहे कोपऱ्यात.
लादी सुकेपर्यंत
दोघी एकाच कॉटवर, कडेकडेनं,
मोगरा, लिंबू आणि कुठल्याशा रानाच्या वासात.