बेणं

त्या साली सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या गोदामात
बरोबर एक हजार पोती मावायची.
राजापुरी हळद, शून्यापासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंत
काळ्या रंगात आकडे घातलेली.
पूर्वी परखी कुठल्या पोत्यात घुसायची
हे खरेदीदाराची नजर आणि अडत्याचा खोकला
मिळून ठरवायचे.
चौगुले साहेब म्हणाले, हे बंद.
नमुना आता संगणक काढेल.
त्याला ना मेहुणा ना जावई.

मी कोबॉल लिहायचो.
व्याज, अडत, हमाली, तोलाई, पैशाची दोन घरं
सगळं पाठ होतं त्या भाषेला.
पण सहज काहीतरी बोल म्हटलं की गप्प.
मग मीच तिला चकवा शिकवला:
आकडा घे, एकवीसनं गुण, सात मिळव,
शेवटची तीन घरं ठेव, बाकीचं पूस.
जे उरेल त्याचं पुन्हा तेच.
सुरुवातीला फक्त एक बेणं हवं,
उसाला लागतं तसं, हळदीला लागतं तसं.

यंत्राच्या घड्याळाचा सेल मेलेला.
म्हणून मगदूम बाईंना विचारायचो, किती वाजले?
त्यांचं घड्याळ दहा मिनिटं पुढं,
मिरजेची बस चुकू नये म्हणून.
"चार सतरा."

४१७.
७६४. ५१. ७८. ६४५.

बिरू पांढरे परखी घेऊन थप्पीवर चढायचा,
उतरायचा, पुन्हा चढायचा.
एकावन्नात ओल निघाली.
अडत्या खोकला. यंत्राला ऐकू येत नव्हतं.
मी त्या दिवशी दोन चहा जास्त पाजले.

आणि त्याच संध्याकाळी, थप्पीच्या टोकावरून,
"सायब, आता दोनाचा येणार."
कशावरनं?
"चार, एक, आट, पाच.
तीन-तीन मागं जातंय की ओ. निस्तं शेवटचं बोट मोजा."
प्रिंटर करकरला: ५५२.
"आता नवाचा."
५९९.

वीस वर्षं हा माणूस पानपट्टीच्या भिंतीवर
मटक्याचे तक्ते वाचत होता,
नियम नसलेल्या जागी नियम शोधत.
बायकोची बोरमाळ त्यात गेली.
आणि जिथं नियम नाही अशी मी शपथ घेतली होती
तिथं त्यानं तो पोती उचलता उचलता शोधला.

कधीपासून ठाऊक आहे?
"दिवाळीपास्नं."
कुणाला सांगितलंस?
तो परखी धोतराला पुसत राहिला.

त्या दिवाळीत त्याच्याकडे पंखा आला होता.
पंखा काय, बोनसमध्येही येतो.
शिवाय तीन घरांतलं एकच घर फुटलं होतं,
नुसत्या शेवटच्या बोटावर कोण काय कमावणार,
असं मी घरी जाताना आयर्विन पुलावर
स्वतःला दोनदा समजावलं.
रात्री परत येऊन सूत्र बदललं.
बिरूला बोललो नाही. तोही नाही.
नव्या आकड्यांकडे तो महिनाभर बघत राहिला,
मग त्यानं बघणं सोडलं.

परवा कपाट उपसताना
हिरव्या पट्ट्यांचा तो कागद निघाला.
हरिपुरात पेव उघडण्याआधी आत कंदील सोडायचे,
विझला तर माणूस उतरायचा नाही.
मी तसं काहीच केलं नाही,
फोनवर सरळ ४१७ टाकलं.

७६४.
५१.
७८.

एक पोतं जागचं हललं नव्हतं.
एकावन्नात तीच ओल असणार.
बिरूला जाऊन सहा वर्षं झाली.

६४५ ला बोट थांबलं.

मग मगदूम बाईंना फोन लावला.
किती वाजले, विचारलं.
"का हो," त्या म्हणाल्या, "बस आहे का?"