पहिल्या धारेची

आष्ट्याच्या रस्त्याला, साखर कारखान्यामागच्या डिस्टिलरीत
मगदूम अण्णा बत्तीस वर्षं कॉलमपाशी.
जैन माणूस. थेंब कधी जिभेला लावला नाही.
दिवस बुडायच्या आत डबा खायचे,
मग रात्रपाळीभर नाकानं काम.

लोकं पहिल्या धारेची मागत्यात, खुळी, म्हणायचे.
पहिली धार डोळं नेती.
ती सोडायची.
शेवटचीबी नको, ओल्या फडक्यागत वास मारती.
मधली तेवढी आपली.

माझ्या तळहातावर दोन थेंब टाकायचे. चोळ. हुंग.
ही मळीची, हिची रम हुती.
ही पलूसच्या द्राक्षांची,
लाकडात चार वर्सं निजली की ब्रँडी म्हणायचं.
जिन म्हंजे बिनवासाच्या दारूला
बेरीचा उसना वास.
आणि लिक्युअर, अण्णा?
यावर मात्र हसू फुटायचं त्यांना :
वरच्या अंगाला साखर काढून घ्यायची
आन् खालच्या अंगाला परत घालायची,
वर दाम दुप्पट!

कोरोनात अण्णांचं नाक गेलं.
परवा घरी गेलो, तर माझाच हात ओढून
नाकाशी धरला. बराच वेळ.
आत काकू दूध ओतत होत्या, तेवढाच आवाज.
मग हात सोडून म्हणाले,
कुठली धार चाललीया?

मधली, म्हटलं.