जागा पुरेनाशी झाली की

खराडी, सातवा मजला, पावणेसात.
अकरा वर्षं पायथॉनमध्ये काढून
मी सी प्लस प्लसमध्ये आले
आणि सवयीनं लिस्ट घेतली.
तिकडे सगळं लिस्टमध्येच टाकायचो,
मीटरची रीडिंगं, चुकलेली बिलं, काहीही.

तन्वीर शिकलगार, वय चोवीस,
माझा कोड वाचून खाली बघत म्हणाला,
मॅडम, इथली लिस्ट वेगळी.
तुम्हाला व्हेक्टर हवाय.

इंदूरच्या दुबेजींनी पहिल्याच मीटिंगमध्ये
पूरी चेष्टा करूँगा म्हटलं होतं,
तेव्हा आम्ही टेबलाखाली हसलो होतो.
आज माझी पाळी.

त्यानं वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढले.
लिस्ट म्हणजे विखुरलेली घरं,
प्रत्येकाच्या खिशात पुढच्याचा पत्ता.
मध्ये कुणाला बसवायचं तर सोपं,
सातव्याला गाठायचं तर सहा दारं वाजवायची.

अण्णा गेले तेव्हा मी चिंचवडला कळवलं,
चिंचवडनं साताऱ्याला, साताऱ्यानं मिरजेला.
मिरजेचा फोन बंद होता.
तेराव्या दिवशी बेळगावहून कुमुदआत्याचा डबा आला,
अण्णांसाठी कुंदा.

आणि व्हेक्टर?
एका ओळीत, खांद्याला खांदा लावून.
जागा पुरेनाशी झाली की
दुप्पट मोठी बघायची,
सगळ्यांनी उठून तिकडे जायचं,
जुनी रिकामी करून द्यायची.

हे येतं मला, म्हटलं.
धनकवडीला एक खोली, कात्रजला दोन,
वाघोलीला चार.
चारांत आता आम्ही दोघं.
तन्वीर हसला. कपॅसिटी चार, साइझ दोन.

मग जरा थांबून म्हणाला,
फक्त जुना पत्ता कुणी धरून बसायचं नाही.
प्रोग्रॅम लगेच पडला तर नशीब.
नाहीतर महिनाभर गुमान चालतो
आणि एक दिवस तिथलं भलतंच काही वाचतो.

धनकवडीच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान आहे.
अण्णांच्या नावाची विम्याची पाकिटं
अजून तिथंच जातात.
दुकानदार ती मशीनखाली ठेवतो, पाय डुगडुगतो म्हणून.

किती येणार ते माहीत असेल तर
आधीच रिझर्व्ह करा, तन्वीर म्हणाला,
हलवाहलव वाचते.
माहीत कुठं असतं रे, मी म्हणाले,
पण ओळ टाकली.

एक शब्द बदलला.
कंपाइल व्हायला चार मिनिटं.
तेवढ्यात फोनमध्ये कुमुदआत्याचा नंबर शोधला.
तो माझ्याकडे कधी नव्हताच.
मिरजेकडे होता.