काच क्रमांक एक्केचाळीस

सीपीआरच्या तळमजल्यावर, खिडकीपाशी,
मी बाच्या बेडक्याची काच रंगवते.
नाव मीच लिहिलंय : केरबा ज्ञानू लोहार, एकसष्ट.
नात्याचा रकाना त्या कागदावर नसतो.

तेलाचा थेंब. भिंग खाली.
आणि उगवतात ते,
दोन पाकळ्यांचं जांभळं काळीज,
अंगभर शेंदरी दाणे.
शंभरात दोन असले तर चालतं.
बोटाखाली यंत्र टकटकत राहतं.
बावीस.
पुन्हा मोजते. बावीसच.

हे जन्मले कृमींशी लढायला.
बाच्या छातीत कृमी नाहीत.
शिरोलीच्या फौंड्रीतली बारीक वाळू आहे,
थंडीत गुऱ्हाळांचा धूर,
शेजारच्या माळ्यावरची कबुतरं.
एवढ्यावर पेटतात,
दाणे फोडतात,
आणि सोलून निघतं ते आपलंच अस्तर.

मग डागडुजी.
दर भांडणामागं एक हात गिलावा,
आतल्या बाजूनं.

आमच्या बोळात असंच झालं.
ज्यानं त्यानं पायरी दुरुस्त करताना
वीतभर पुढं घेतली.
कुणाचीच चूक वितीहून मोठी नव्हती.
परवा रात्री बाला न्यायला आलेली रिक्षा
तोंडाशीच अडकली.
मी आणि शेजारचा अस्लम, दोघांनी त्याला
खुर्चीत बसवून बाहेर काढला.

तरुणपणी बा दोन वर्षं तालमीत गेला.
दूध प्याला, माती अंगाला लावली,
दंड काही भरले नाहीत.
"अंगच धरंना माझं," सांगताना अजून हसतो.
आता धरलंय.
नळीभोवतीचा स्नायू, वेढ्यावर वेढा,
जोड न मिळालेल्या पैलवानासारखा
पहाटे तीनला
हवेलाच मिठी मारून आवळत बसतो.

बाहेर बाकावर बा,
गुडघ्यांवर हात रोवून, खांदे वर.
पंप खिशात, रुमालाखाली,
पूर्वी तंबाखू लपवायचा तसा.
मी दारात दिसले की
शिट्टी आवरून विचारतो,
"गावलं काय गं जंतू?"
"नाही. एक पण नाही."
"मग झालं तर!"
खरंच खूश होतो.
चहा सांगतो दोन, एक बिनसाखरेचा.

त्याला काय सांगू, कुठल्या शब्दात,
की गावला असता तर बरं झालं असतं.

कप धरताना माझ्या नखांकडं बघतो,
कडेला शेंदरी राहिलंय, धुऊन जात नाही.
"मेंदी काढलीस व्हय?"