कॉनिक हिलवरून काहीच दिसत नाही

बूट एक किलो सातशे.
कुकर दोन किलो, शिट्टीसकट.
दोघांतलं एकच जाईल, असं काटा म्हणतो,
आणि तो हातात लोंबकळत ठेवून मी
ग्लासगोतल्या तिसऱ्या मजल्यावर
न्हाणीघरात उभी आहे.

टबात बूट. वर कोमट पाणी.
दात घासायचा जुना ब्रश घेऊन
खाचाखाचांतून पाच वर्षं उकरते आहे :
रॅनक मूरचा काळा, लोण्यासारखा चिखल,
आरनची तांबूस वाळू,
मेंढीची एक लेंडी, कुठल्या डोंगरावरची कोण जाणे,
आणि हिरव्या दोरीचा तुकडा.
ही दोरी ग्लेन एटिव्हची.
वाऱ्याने खुंट्या उपटल्या त्या रात्री
आम्ही तिघं तंबूचे तीन कोपरे दाबून बसलो होतो
पहाटेपर्यंत, चौथ्यावर पातेलं,
आणि नसीम तिच्या आईच्या पंजाबीत
वाऱ्याला असं काही बोलली
की आर्ची म्हणाला, सांगू नकोस अर्थ, कळला.

इथला पाऊस पडत नाही, राहतो.
भाडेकरूसारखा.
काही दिवसांनी त्याच्या नावाने पत्रंही येत असतील.
पहिल्या वर्षी मी तो थांबायची वाट बघत
तीन रविवार खिडकीत काढले.
चौथ्या रविवारी बेल वाजली.
खालच्या मजल्यावरचे आर्ची मॅकफेल,
फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त,
हातात मयत बायकोचा रेनकोट.
म्हणाले, बाहीला जरा उसवलाय, चालेल ना?

मग कॉनिक हिल. सात वेळा.
सातही वेळा माथ्यावर नुसता ढग,
कोणीतरी भिजलेली गोधडी तोंडावर टाकावी तसा.
आणि आर्ची काठी रोखून दाखवायचे :
ती खाली बेटं, एका रेषेत.
तो उत्तरेला बेन लोमंड.
आणि तिकडे, नीट बघ, आरन.
मी नीट बघायचे.
नसीम बघायची नाही, फॉइलमधले पराठे सोडायची.

गेल्या रविवारी आठवी खेप.
आर्चीचा गुडघा वाटेतच बोलायला लागला होता,
ते स्वतः गप्प.
माथ्यावर तोच पांढरा ठार काळोख.
त्यांनी काठी माझ्या हातात दिली.
आज तू.

मी काठी उचलली.
तो कुलंग, म्हटलं. शेजारी मदन, मग अलंग.
तिथे दोर लागतो.
ते टोक कळसूबाईचं, वर इवलंसं देऊळ.
आणि ते खाली चमकतंय ना,
ते भंडारदऱ्याचं पाणी.
आर्चीने डोळे बारीक करून
मी दाखवलं तिथे तिथे पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
विचारलं, वर वारा असतो?

मला काय माहीत.
मी सिन्नरची. यातलं एकही चढलेली नाही.
घोटीच्या रस्त्याला, एसटीच्या खिडकीतून,
मामा नावं सांगायचे आणि मी
ओकारी येऊ नये म्हणून लिंबू हुंगत असायचे.

असतो, म्हटलं.

बाल्माहाच्या थांब्यावर नसीम रडली,
आणि रडताना मला रागावत राहिली
की डबा परत केला नाहीस.
आर्ची पुढच्या गावी बहिणीकडे राहणार होते,
म्हणून निरोप तिथेच, बसच्या दारात.
मी सवयीने म्हणून गेले, येते.
म्हणजे काय?
सांगितलं.
कधी, त्यांनी विचारलं.
ड्रायव्हरही थांबला, वळून बघायला लागला,
जणू त्यालाही तारीख हवी होती.

टबातलं पाणी आता कोऱ्या चहासारखं.
बुच काढलं. गुरगुरत गेलं.
बूट रेडिएटरवर उलटे ठेवलेत,
सकाळपर्यंत वाळायचे नाहीत.
ओलेच पायात घालून जाईन,
काटा पायातलं मोजत नाही.

कुकरमध्ये मोजे कोंबलेत.
शिट्टी वेगळी, खिशात.
नसीमचा डबा खाली आर्चीच्या दाराशी.