दोन्ही ब्रेक

पहिल्या दिवशी दोना एर्मेलिंदांनी खुर्चीला हातच लावू दिला नाही.
"आधी विचार," म्हणाल्या, "मग धर."
मी विचारलं. त्यांनी जरा वेळ घेतला,
मग शालीचं टोक मांडीखाली खोचलं.
चाकाच्या आऱ्यांना झालर फार आवडते म्हणे.

"निल्टन, पिशवी मागच्या मुठींवर नको.
मी उठले की बटाटे जिंकतील,
खुर्ची जाईल उताणी."
तीन किलो बटाटे मग त्यांच्याच मांडीवर.

लिस्बनचे फुटपाथ म्हणजे पांढरे दगड, मुठीएवढे,
तळव्यांनी घासून गुळगुळीत केलेले.
पावसानंतर त्यांवर मांजरसुद्धा विचार करून चालतं.
ट्रामचे रूळ सरळ ओलांडायचे, तिरके नाही;
पुढची छोटी चाकं खाचेत शिरली
की ट्राम घंटा वाजवते आणि देव ऐकत नाही.
(हे त्यांनीच सांगितलं. देवाचंही.)

औषधाच्या दुकानापाशी एका भल्या माणसानं
न विचारता खुर्ची ढकलली,
थेट रस्त्यापलीकडे.
त्यांना पलीकडे जायचंच नव्हतं.
"मी काय भाजीची हातगाडी आहे?"
तो लाल झाला. मीही,
कारण मी तेव्हा फोनमध्ये होतो.

उतार आला की आम्ही उलटे फिरतो.
मी खालच्या बाजूला, पाठ उताराकडे,
एक पाऊल, मान वळवून बघायचं, दुसरं पाऊल.
त्यांचं वजन माझ्या तळहातांत उतरतं.
मला येणारा रस्ता दिसतो, तुकड्या-तुकड्यानं.
त्यांना मागे राहिलेला, सबंध:
चौथ्या मजल्यावरची ती खिडकी
(त्या इमारतीला लिफ्ट नव्हती),
आता तिथे दुसऱ्याच कुणाची चादर वाळत.
"थांब," म्हणतात कधीकधी, मध्येच.
उतारावर थांबायला काय लागतं
ते पोटऱ्यांना माहीत.
थांबतो. कशासाठी, ते विचारत नाही.

रात्री पलंगाशी पायाच्या पट्ट्या वर दुमडायच्या,
खुर्ची जराशी तिरकी, आणि
खट.
खट.
"एक लावून भागत नाही," म्हणतात,
"एकावर खुर्ची जागच्या जागी फिरत राहते.
जोआकीम गेल्यावर मी फिरले तशी."

शेवटच्या बोटीनं मी बारेइरोला परततो.
नदी काळी, सीट प्लास्टिकची.
बोट धक्क्याला टेकते, माणसं उठतात.
माझे हात आधी खाली जातात,
मांड्यांच्या दोन्ही बाजूंना,
काहीतरी शोधत.